विषय : डिस्क ब्रेकची कार्यक्षमता वाढविणेबाबत

तोडणकर सरांनी माझ्याकडून जी पत्रं टाइप करून घेतली, त्या सगळ्यांचा विषय एकच असे : 'डिस्क ब्रेकची कार्यक्षमता वाढविणेबाबत'. पत्ता बदलायचा, विषय नाही. कधी गाड्यांच्या कंपन्यांना, कधी मंत्र्यांना, एकदा तर जपानला. जपानला मराठीत पत्र कसं चालेल, असं मी विचारलं तर म्हणाले, "ज्याला गरज आहे तो भाषांतर करून घेईल." उत्तर एकाचंही आलं नाही. त्याचा अर्थ सरांनी असा लावला होता की सगळे जण गुपचूप त्यांची कल्पना वापरताहेत.

श्रीवर्धनात एसटी स्टँडकडून बाजारात शिरताना माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. त्याला लागून सरांचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे एक गाळा, पुढे पत्र्याची पडवी आणि वर पाटी, 'येथे फक्त ब्रेकचे काम होईल'. कुणी इंजिनाची तक्रार घेऊन आलं की सर त्याच्याकडे अशा नजरेने बघत की बिचारा गाडी ढकलत परत जाई. आयुष्यभर आयटीआयत मोटर मेकॅनिकच्या मुलांना शिकवून निवृत्त झाल्यावर त्यांनी हा उद्योग मांडला होता. गाड्या चालू करून देणारे गावात पुष्कळ आहेत, थांबवून देणारा मी एकटा, असं ते सांगत. हे खरंच होतं, आणि ते खरं असल्यामुळेच त्यांचा तोरा कुणाला मोडता येत नव्हता.

उंच, किडकिडीत देह. खाकी शर्ट, बाकीच्यांच्या खिशात कंगवा असतो तिथे सरांच्या खिशात पातळ पात्यांची मापपट्टी. चष्म्याची डावी काडी ब्रेकच्या तारेने बांधलेली. आता एवढा मोठा ब्रेकतज्ज्ञ स्वतः काय चालवत असेल? सायकल. तिचे ब्रेकचे रबर केव्हाच झिजून गेलेले. सर थांबायचे ते डावी चप्पल रस्त्याला घासून. त्यामुळे डावी चप्पल उजवीच्या कितीतरी आधी संपायची, आणि घरी नुसत्या उजव्या चपलांची रांग लागली आहे, असं त्यांच्या पत्नी मालतीकाकू सांगायच्या. मी एकदा न राहवून विचारलं, तर म्हणाले, सायकलला डिस्क नाही, मग मी लक्ष कशात घालू? लोकां सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते हेच.

पण त्यांची खरी हौस ब्रेकची नव्हतीच, व्याकरणाची होती. गिऱ्हाईक यायचं आणि म्हणायचं, "सर, ब्रेक लागत न्हाय." झालं. सर हातातला पाना खाली ठेवायचे.

"ब्रेक लागत नसतो. ठेच लागते, भूक लागते, नजर लागते. ब्रेक लावावा लागतो. कुणी लावला? कधी लावला? किती लावला?"

आपल्या लोकांना म्हणे काही बिघडलं की क्रियापदातून हळूच उतरून जायची सवय आहे. भांडं फुटलं. दूध उतू गेलं. फाइल गहाळ झाली. ब्रेक लागला नाही. म्हणजे सगळं आपलं आपण झालं, माणूस तिथे नव्हताच. असं दहा मिनिटं ऐकवून झाल्यावर मग ते गाडीकडे बघायचे. तोवर गिऱ्हाईकाला वाटू लागे की ब्रेकशिवायच घरी गेलो असतो तर बरं झालं असतं. मला मात्र ते पटायचं. माझ्या घरातही भांडी आपली आपण फुटतात.

दुसरा त्यांचा वैरी म्हणजे तेल. आमच्या किनाऱ्यावर खाऱ्या वाऱ्याने लोखंड टिकत नाही. पावसाळा तोंडावर आला की घराघरातून वाटीत तेल आणि चिंधी घेऊन कुणीतरी फिरतं. विळी, अडकित्ता, कुलपं, बिजागऱ्या, शिलाई मशीन, होडीच्या इंजिनाचे नट, सगळ्यांवर तेलाचा हात. ही आमची पिढीजात अक्कल आहे आणि ती चुकीची नाही. मग डिस्क ब्रेकच्या मोटरसायकली आल्या. चाकाला चकचकीत पोलादी ताटली, उघड्यावर, आणि रात्रीत तिच्यावर गंजाचा तांबूस थर. तो थर दोनदा ब्रेक लावला की निघून जातो, पण एवढं थांबतो कोण? हात चिंधीकडे जातोच.

दामले वकिलांनी नव्या स्कूटरच्या डिस्कला दोन्ही बाजूंनी खोबरेल चोळलं. प्रेमाने, सुपारीच्या बागेतल्या पंपाला लावावं तसं. आणि निघाले कोर्टात. मच्छीबाजाराच्या वळणावर त्यांनी ब्रेक दाबला, स्कूटर आहे त्या वेगाने पुढे गेली आणि सात पिढ्यांचे शाकाहारी दामले वकील बांगड्यांच्या पाटीत बसले. कोळणीने त्यांना काय काय ऐकवलं ते इथे लिहिता येत नाही. नंतर वकिलांनी सरांकडे येऊन बाजू मांडली की ब्रेक ऑइल, ब्रेक ऑइल असं तुम्हीच म्हणता ना, मग ब्रेकला ऑइल लावलं तर बिघडलं कुठे? युक्तिवाद बिनतोड होता. सरांनी स्कूटरचे पॅड काढून कचऱ्यात टाकले आणि म्हणाले, "खोबरेल डोक्याला लावा, वकीलसाहेब. तिथे थांबवण्यासारखं काही नाही."

त्यानंतर सरांनी माझ्याकडून एक पत्रक काढून घेतलं, 'डिस्कला तेल लावणे म्हणजे आत्महत्या', आणि ते विजेच्या खांबांवर, पिठाच्या गिरणीत, देवळाच्या भिंतीवर स्वतः खळ लावून चिकटवलं. देवळाच्या पुजाऱ्याने ते काढलं. सरांनी पुन्हा लावलं. असं आठ दिवस चाललं, शेवटी पुजाऱ्याने मोटरसायकल विकली तेव्हा थांबलं.

हे सगळं ठीक होतं. अडचण अशी होती की सरांना नुसता मेकॅनिक राहायचं नव्हतं, शोध लावायचा होता. डिस्क तापली की ब्रेकची पकड सुटते, हे त्यांच्या डोक्यात घट्ट बसलेलं. म्हणजे ती गार ठेवली की कार्यक्षमता वाढली. एवढं बोलून ते गप्प बसते तर शहाण्यात जमा झाले असते. पण त्यांनी फोटो स्टुडिओवाल्याच्या मोटरसायकलची डिस्क काढली आणि तिला ड्रिलने भोकं पाडली, उष्णता बाहेर जावी म्हणून. महागड्या गाड्यांना अशी भोकं कारखान्यात पाडलेली असतात, हे खरं. पण ते कारखान्यात. सरांनी ताटलीची चाळणी केली. ब्रेक लावला की ती मोटरसायकल पिपाणीसारखी वाजायची आणि गल्लीतली सगळी कुत्री तिच्या मागे लागायची. सर म्हणाले, आवाज हा सुरक्षिततेचाच भाग आहे. दोन महिन्यांत एका भोकापासून दुसऱ्या भोकापर्यंत तडा गेला. मी टाइप केलेल्या पत्रात मात्र 'प्रयोग अंशतः यशस्वी' असं आलं. जपानचं पत्र ते हेच.

आता मला राग येतो तो कशाचा, ते सांगते. माझी स्कूटर एकदा मी त्यांच्याकडे टाकली. ब्रेक दाबला की कुरकुर करायची आणि पाच पावलं पुढे जाऊन थांबायची. सरांनी अर्ध्या तासात काम केलं. डिस्कला दोन्हीकडून धरणारा जो चिमटा असतो, तो दोन पिनांवर मागेपुढे सरकतो. आमच्या हवेत त्या पिना गंजून अडकतात, मग एकाच बाजूचा पॅड घासत राहतो आणि ब्रेक अर्धाच उरतो. सरांनी पिना काढल्या, घासून लख्ख केल्या, रबराला न खाणारं ग्रीस लावलं, हवेतलं पाणी पिऊन काळं पडलेलं ब्रेक ऑइल बदललं. स्कूटर जागच्या जागी थांबायला लागली. मी म्हटलं, सर, हीच तर कार्यक्षमता वाढली की. हेच लिहा ना पत्रात, किनाऱ्यावरच्या प्रत्येक गाडीला उपयोगी पडेल. तर त्यांचा चेहरा पडला. "हे धुणं-भांडी आहे, बाई," म्हणाले. "याचं पेटंट मिळत नाही."

ज्या कामात त्यांचा हात धरणारा तालुक्यात कुणी नव्हता, त्याची त्यांना लाज वाटायची. आणि ज्यात सतत हसं होत होतं, त्याच्यासाठी ते रात्रंदिवस झुरायचे. मला असली माणसं आवडत नाहीत. पण शेजार होता.

त्यांच्याकडून हे धुणं-भांडी एकच जण शिकली, जागृती. जीवना बंदरावरच्या कोळीवाड्यातली सून, तिशीतली, घट्ट नेसलेली, मोठ्या आवाजाची. नवरा होडीवर, आठ-आठ दिवस समुद्रात. घरचा मासळीचा टेम्पो दीर चालवायचा. त्याचा पाय मोडला तेव्हा मासळी बर्फात सडायला लागली आणि जागृती सरळ टेम्पोवर बसली. लायसन तिने लग्नाआधीच काढलं होतं, कुणाला सांगितलं नव्हतं. रोज पहाटे बंदरावरून मासळी भरायची आणि घाटातून म्हसळ्याच्या बाजारात पोचवायची. दिराचा पाय बरा झाला, पण टेम्पोची चावी तिने सोडली नाही. सासरे पांडू नाखवा तिच्या बाजूने होते, कारण ती आल्यापासून मासळी वेळेवर पोचत होती. पण दीर टपलेला होता. तिच्या हातून एकदा काही चुकायचा अवकाश, की चावी त्याच्या हातात जाणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. ती महिन्याच्या महिन्याला सरांकडे येऊन पिना साफ करायची ती यासाठीच. पुढे पुढे स्वतःच करायची, सर नुसते बाजूला बसून व्याकरण सांगायचे.

आणि त्याच टेम्पोवर सरांचा डोळा गेला. भरलेला टेम्पो, घाटाचा उतार, पुढे दोन्ही चाकांना डिस्क. त्यांना आयुष्यभर हवी होती तशी प्रयोगशाळा. त्यांनी गोडेतेलाच्या डब्याचा पत्रा कापून एक नरसाळं बनवलं. पुढची हवा त्यात शिरावी आणि थेट डिस्कवर आदळावी. उजव्या चाकाला नरसाळं, डावं चाक तुलनेसाठी तसंच. जागृती नको म्हणत होती. सरांनी तिला तीन दिवस समजावलं, आणि चौथ्या दिवशी सांगितलं की माझ्याकडून शिकलीस, तेव्हा एवढं तरी कर. असं म्हटल्यावर ती काय बोलणार? गुरुदक्षिणा मागायची ही पद्धत मला तेव्हाही आवडली नाही.

राहिला प्रश्न मोजण्याचा. डिस्क किती तापली ते कळायला हवं. दुरूनच उष्णता सांगणारी ती बंदूक ऑनलाइन मिळते, पण सर म्हणाले, चकचकीत लोखंडावर ती खोटं बोलते. हे त्यांचं बरोबर आहे, असं मला नंतर कळलं. सरांचं बरोबरच असायचं, पुढच्या पायरीपर्यंत. पुढची पायरी अशी : मालतीकाकूंच्या फळीवर कोकमतेलाचे गोळे होते, भेगाळलेल्या टाचांना लावायचे. कोकमतेल एरवी घट्ट असतं, जरा ऊब लागली की वितळतं. सरांनी त्यातला गोळा घेतला, बोराएवढे तुकडे केले आणि दोन्ही चाकांच्या डिस्कच्या मधल्या वाटीवर चिकटवले. घाट उतरल्यावर डावीकडचा वितळलेला आणि उजवीकडचा शाबूत दिसला, की शोध सिद्ध.

त्याचं 'चाचणी पत्रक' मीच टाइप केलं आणि साक्षीदार म्हणून सहीही केली. कोकमतेल म्हणजे तेल, हे सरांच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही आलं नाही. ज्या माणसाने देवळाच्या भिंतीवर तेलाविरुद्ध पत्रकं चिकटवली, त्याने स्वतःच्या हाताने डिस्कवर तेल ठेवलं. त्याच्या लेखी ते तेल नव्हतंच, ते माप होतं.

पुढचं मला जागृतीने सांगितलं. सर तिच्या शेजारी वही घेऊन बसलेले. पहिली दोन वळणं ठीक गेली. तिसऱ्या वळणापर्यंत चाकं तापली, तेल वितळलं आणि गोल फिरत फिरत डिस्कभर पसरलं. चौथ्या वळणाला तिने ब्रेक दाबला तर पॅडल कडक लागलं, पण गाडी धरेना. सर वहीत बघत होते. तिने गिअर उतरवला, पुन्हा उतरवला, हँडब्रेक ओढला आणि दरीची बाजू सोडून टेम्पो डोंगराकडच्या जांभ्याच्या दरडीला घासत नेला. टेम्पो आडवा होऊन थांबला. तिच्या डाव्या मनगटाचं हाड मोडलं. सरांचा पुढचा एक दात पडला. मासळी रस्त्यावर. समोरून चढणारी प्रवाशांनी भरलेली मिनीबस पंचवीस पावलांवर थांबलेली. ती थांबली म्हणून मी हे लिहू शकते, नाहीतर असल्या माणसाची गोष्ट हसत सांगायची हिंमत मला झाली नसती.

दुपारी सर गालावर रुमाल धरून माझ्या दुकानात आले. संध्याकाळी नाखवांच्या घरी बैठक होती, तिथे 'तांत्रिक खुलासा' द्यायचा होता. ते सांगत गेले, मी टाइप करत गेले. 'सदर वाहन उतारावर असताना ब्रेक अपेक्षेप्रमाणे लागला नाही. घाटातील दमट हवा, वाहनातील भार तसेच चालकाची मनःस्थिती या बाबी विचारात घेणे आवश्यक ठरते.' चालकाची मनःस्थिती! माझी बोटं थांबली. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते छताकडे बघत होते. आणि मी ते वाक्य मुकाट्याने टाइप केलं, तीन प्रती काढल्या. हे मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

मलाही त्यांनी बरोबर नेलं, साक्षीदार म्हणून. नाखवांच्या ओटीवर माणसं जमली होती. टेम्पो ओढून आणून दारातच उभा केला होता, डावी बाजू चेपलेली. जागृती हाताला प्लास्टर घालून खांबाशी बसली होती. टेम्पोची चावी दिराच्या शर्टाच्या खिशातून बाहेर लोंबत होती, सगळ्यांना दिसेल अशी. आपण आधीच सांगितलं होतं, बाईमाणसाच्या हाती गाडी दिली की ती वळणावर घाबरणारच, असं तो चारचौघांना ऐकवत होता. दोघातिघांनी माना डोलावल्या. जागृती एकदाच बोलली, की पॅडल दाबलं होतं, कडक होतं, गाडीने धरलं नाही. दीर हसला.

पांडू नाखवांनी सरांना खुर्ची दिली. "तुमी सोबत व्हतात, सर. जानकार मानूस हाव. काय झालं ते सांगा. तुमी सांगाल ते आमी मानू."

सरांनी कागद उघडला आणि वाचायला सुरुवात केली. पडलेल्या दातामुळे शब्द फुसफुसत होते. 'ब्रेक अपेक्षेप्रमाणे लागला नाही' इथपर्यंत ते आले.

"सर," जागृती म्हणाली. आवाज मोठा नव्हता. "तुमीच शिकवलंत ना, ब्रेक लागत नसतो, लावावा लागतो. मी लावला. मंग काय झालं त्याचं?"

सर थांबले. कागद खाली गेला. सगळा तालुका ज्या क्रियापदावरून त्यांनी धुऊन काढला होता, त्याच क्रियापदाआड ते स्वतः लपले होते, आणि त्यांच्या एकुलत्या एक शिष्येने त्यांना तिथून हाताला धरून बाहेर काढलं होतं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघू शकले नाही. मनात म्हणत होते, बोला. एकदा तरी बोला.

ते उठले. खुलासा खुर्चीवरच राहिला. पायऱ्या उतरून टेम्पोपाशी गेले, गुडघे टेकून बसले आणि पुढच्या चाकाच्या आत हात घातला. परत आले तेव्हा बोटांवर पांढुरकं, थिजलेलं काहीतरी होतं. ते बोट त्यांनी पांडू नाखवांच्या नाकापुढे धरलं.

"वास घ्या."

नाखवांनी वास घेतला. त्यांच्या स्वतःच्या टाचांना रोज लागतं ते ओळखायला त्यांना वेळ लागला नाही. "ह्ये तर कोकमतेल. चाकात कसं गेलं?"

"गेलं नाही," सर म्हणाले. "मी लावलं. दोन्ही डिस्कना. हिने ब्रेक बरोबर लावला होता. गाडी थांबवली ती हिनेच, मी नाही."

मग मागून कुणीतरी फस्सकन हसलं, आणि मग सगळेच. तेलाच्या नावाने ज्याने गावाला उभं-आडवं सोललं होतं, त्याने डिस्कला तेल लावलं होतं. याहून मोठी मेजवानी श्रीवर्धनला काय मिळणार? सर त्या हसण्यात बोट तसंच पुढे धरून उभे होते. नाखवा मात्र हसले नाहीत. त्यांनी दिराच्या खिशातून चावी काढली आणि जागृतीच्या मांडीवर ठेवली. "हात बरा झाला की घे," म्हणाले. मग सरांकडे वळून, "डोकं तुमचं चांगलं हाय, सर. पन आमच्या टेम्पोवर नको."

दुसऱ्या दिवसापासून तोडणकर सरांचे कोकम सर झाले. दामले वकील खोबरेलाची बाटली घेऊन जातीने गॅरेजवर आले आणि म्हणाले, डोक्याला लावा. फोटो स्टुडिओवाल्याने सोलकढी पाठवली. ज्यांच्या घरात आजही डिस्कवर तेलाची चिंधी फिरते, ते सगळे मिळून सरांना हसले. गावाची ही एक जुनी खोड आहे. स्वतः रोज करतो ती चूक दुसऱ्याने एकदा केली की गाव खूश होतं. सरांनी कुणालाच उलट उत्तर दिलं नाही. व्याकरणही बंद झालं. गिऱ्हाईक येऊन ब्रेक लागत नाही म्हणायचं, सर मान हलवायचे आणि पिना काढायला बसायचे. काम पूर्वीपेक्षाही चोख करायचे. मला ते ऐकवत नसे, म्हणजे त्यांचं ते गप्प बसणं. त्यांनी परत भांडावं असं मला वाटायचं. माझ्या दुकानात ते पुन्हा कधी टाइप करायला आले नाहीत, आणि मीही, तो खुलासा आपल्याच बोटांनी टाइप झाला होता म्हणून, त्यांना बोलावलं नाही.

वर्षभराने मालतीकाकूंचे गुडघे गेले आणि मुलीने दोघांना पुण्याला बोलावून घेतलं. काकू मुलीबरोबर आधीच पुण्याला गेल्या. सर सामान आवरून मागून निघाले. सकाळची एसटी चुकली, तेव्हा जागृतीचा टेम्पो म्हसळ्याला निघाला होता, तिने बाजारात त्यांना पाहिलं आणि गाडी उभी केली. म्हसळ्याहून पुढे गाडी मिळेल, चला म्हणाली. एक ट्रंक आणि एक पिशवी, ती तिने बर्फाच्या पेट्यांवर ठेवली. मी दुकानाच्या पायरीवर होते.

सरांना एक सवय होती. कुठल्याही गाडीत चढायच्या आधी, मग ती एसटी असो की लग्नाच्या वऱ्हाडाची बस, ते पुढच्या चाकापाशी वाकायचे आणि आत बघून घ्यायचे. ड्रायव्हर शिव्या द्यायचे, मागे रांग खोळंबायची, सरांना फरक पडायचा नाही. त्यामुळे कितीतरी वेळा गाडी त्यांना सोडूनही गेली होती. त्या दिवशीही ते टेम्पोला वळसा घालून पुढच्या चाकापाशी गेले. चष्मा सारखा केला. वाकायला लागले.

"बसा, सर," जागृतीने खिडकीतून सांगितलं. "मी बगितलंय."

ते तसेच अर्धवट वाकलेले राहिले. एक हात गुडघ्यावर, दुसरा चाकाच्या वर, पत्र्याला टेकलेला. मला वाटलं आता हा माणूस म्हणणार, काय बघितलंस, कधी बघितलंस, किती बघितलंस. ते सरळ झाले. हात पँटला पुसला. चाकाकडे न बघता पुढून वळसा घालून आले, दार उघडून तिच्या शेजारी बसले आणि दार लावून घेतलं.